गुडघा उभा करून बसलेली बाई

४ मार्च

लिहीन लिहीन म्हणत नऊ दिवस घालवले. पहिल्या दिवशी पेन नव्हता. दुसऱ्या दिवशी पेन आणायला फाट्यावर गेलो, तर तिथं एक जण ट्रकच्या मागच्या फळीवर मोर काढत होता. मोराचा पाय चुकला होता. सांगितलं, भांडण झालं, मग चहा झाला, आणि पेन राहिला. पुढचे दिवस कुठं गेले ते मलाही माहीत नाही. वही म्हणजे मेडिकलवाल्यानं फुकट दिलेली गेल्या सालची डायरी. वार जुळत नाहीत, म्हणून वार लिहिणार नाही.

पण आज लिहायलाच पाहिजे. आज मला भिंत मिळाली.

परभणीहून पिंगळीकडं जाताना डाव्या हाताला सुखांगण नावाची नवी कॉलनी आहे. कॉलनी म्हणजे साठ प्लॉट, सिमेंटचे रस्ते, एक कमान आणि एकच राहतं घर. जमीन रामकिशन भाऊंची. तीन सालामागं इथं कापूस होता. कमानीला लागून चौदा फूट लांब, नऊ फूट उंच भिंत आहे. तिच्यावर सुखी घर काढायचं. भाऊंकडं छापील कागद आहे, त्यात एक गोरं जोडपं लेकरं घेऊन हिरवळीवर लोळतंय. भाऊ म्हणाले, हे असंच, पण आपलं. सोफा पाहिजे, फ्रिज पाहिजे, माणसं फोटोसारखी खरी वाटली पाहिजेत. पाडव्याला बुकिंग सुरू, त्याच्या आत.

मी एकच विचारलं, खाली नाव टाकू का. म्हणाले, टाक की.

गंगाखेडला सिताराम पेंटरकडं दोन वर्षं हात चालवला. देवळातल्या देवांचे डोळे माझे, खाली नाव सिताराम आर्ट्स. त्यांची काही चूक नाही, दुकान त्यांचं. पण शिवशंकर हे नाव अजून एकाही भिंतीनं पाहिलेलं नाही. इथंही सगळे मला नुसतं पेंटर म्हणतात. पाडव्यानंतर म्हणणार नाहीत.

७ मार्च

भिंत घासून पांढरा हात मारला. वाळेपर्यंत बन्सीधर सरांच्या घरी बसलो. कॉलनीतलं एकच राहतं घर ते हेच. सर शाळेवर शिक्षक, बायको प्रियांकाताई, पोरगी शालू पहिलीत. भाऊंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की पेंटर येईल, बघून जाईल.

बघायचं कारण असं की मला माणूस काढता येतो, सोफाही काढता येतो, पण सोफ्यावर बसलेला माणूस येत नाही. मी घरात राहिलोच नाही. आमचं मेंढरांचं बिऱ्हाड. जिंतूरकडच्या माळावरून निघायचं, जो शेतकरी बोलावील त्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत झालं की पुढचं रान. सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. आठवीपर्यंत आश्रमशाळेत होतो, तिथं छप्पर होतं, पण तिथं बसणं म्हणजे रांगेत. नंतर दुकानाचा माळा, एसटी स्टँड, कुठल्या तरी देवळाची ओसरी. तेव्हा घरात कोण कुठं बसतं हे मला बघूनच शिकावं लागणार.

दिसलं ते असं. सोफ्यावर अजून प्लास्टिक आहे. सर खुर्चीवर, मोबाइल घेऊन. शालू फरशीवर. ताई कुठंच नाहीत. म्हणजे आहेत, पण ओट्यापाशी उभ्या, गॅलरीत उभ्या, दारात उभ्या. मी कागदावर तिघांच्या जागा मांडल्या, तर ताईंच्या नावानं नुसते बाण झाले. विचारलं, ताई, तुम्ही बसता कधी? म्हणाल्या, "बसते की. शालूच्या शाळेच्या रिक्षात."

सर हसले. मीही हसलो. चांगलं हसतंखेळतं घर आहे.

१० मार्च

सगळ्यांच्या मागण्या सुरू झाल्या. सरांना हातात वर्तमानपत्र पाहिजे आणि पुढचे केस जरा दाट. शालूला ससा. भाऊंना फ्रिजचं दार उघडं पाहिजे, आतून भरलेला दिसावा म्हणून. पंडित मामा कमानीवरचा राखणदार, मी त्याच्याच खोलीत पडतो, त्याला छताला पंखा पाहिजे, तोही चालू. मी म्हणलं, चालू पंखा काढायचा म्हणजे नुसता धूर काढायचा. म्हणाला, मग धूर काढ, वारं मी समजून घीन.

ताईंना विचारलं तुम्हाला काय काढू. त्यांनी आधी ओटा पुसून घेतला. मग म्हणाल्या, भांडी घासून पालथी घातलेली काढा.

चहा देताना त्यांनी माझी चौकशी केली. माहेर जिंतूरच्या बाजूचं निघालं. वडलांचं कोरडवाहू रान आहे, त्यात उन्हाळ्यात मेंढरं बसायची म्हणे. "कुणाचा रे तू?" म्हणाल्या. सांगितलं, येडबाचा थोरला. मग घर का सोडलं तेही विचारलं, आणि मला लपवायचं काही नाही. तीन वर्षं झाली. मी राखणीवर होतो आणि एका सपाट दगडावर कोळशानं रेल्वे काढत होतो. बारा डबे झाले होते. तेवढ्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. बापानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, डोळे हितं ठिवायला जमत न्हाईत तर जिथं ठिवायचेत तिथं जा. गेलो.

रेल्वे मात्र फार चांगली आली होती.

१६ मार्च

होळीच्या आधी निळा रंग आणायला निघालो तो गंगाखेडला पोचलो. पिंगळीला गाडीत बसलो, परभणीला उतरायचं होतं, पण खिडकीशी जागा चांगली मिळाली होती, म्हणून उतरलोच नाही. गेलोच होतो तर गोदावरीच्या घाटावर दोन दिवस काढले. पाण्यात उभ्या माणसाचे पाय कुठून मोडलेले दिसतात ते नीट बघितलं. याचा हॉलमध्ये बसलेल्या कुटुंबाला काही उपयोग नाही, पण बघितलं.

सिताराम पेंटरकडंही गेलो. मला वाटलं शिव्या देतील. भिंतीचं सांगितलं तर ब्रश धुता धुता म्हणाले, "नावाला जागा आधी सोड. मागून कोंबलेलं नाव उपऱ्यासारखं दिसतं." ब्रश झटकून म्हणाले, "आन् नाव टाकलं की चूकबी तुझीच, हे ध्यानात ठिव."

आल्या आल्या भिंतीवर चौकटी आखल्या. खाली उजव्या कोपऱ्यात दीड फूट जागा नावाला सोडली. ती रिकामी जागा बघूनच छाती भरून आली.

१९ मार्च

आज बाई झाली.

तीन दिवसांत सर, शालू, ससा, सोफा, फ्रिज, पालथी भांडी सगळं उभं राहिलं होतं. सरांचं कपाळ असं जमलं की ऊन पडल्यावर चकाकतं. पण बाईची जागा पांढरीच होती. ताईंचे एवढे कागद काढले होते, सगळे उभे. उभी बाई सोफ्यावर बसवायची कशी? शेवटी कागद गुंडाळून ठेवले आणि सकाळी सातला मनानंच सुरुवात केली. आधी हात केला, कोपरापासून मनगटापर्यंत. मग पाठ. मग मान. तोंड सगळ्यात शेवटी. जेवायलाही उतरलो नाही. ब्रश एकदाही मागं घ्यावा लागला नाही. सिताराम पेंटरला असं कधी जमलं नाही, हे मी इथं लिहून ठेवतो, कारण इथं कुणी वाचत नाही.

पंडित मामा पाणी घेऊन आला आणि लय वेळ बघत राहिला. म्हणाला, "ही ताई न्हाई."

मी म्हणलं, ताईच, फक्त बसलेली.

मग त्यानं मध्येच विचारलं, तुला माय हाय का. म्हणलं हाय, बानूबाई नाव. दिसायला कशी? मला सांगता येईना. खरंच तोंड आठवेना. एवढंच आठवतं की ती पूर्ण कधीच बसत नाही. एक मांडी खाली, एक गुडघा उभा, गुडघ्यावर हात. कुत्रं भुंकलं की पहिली उठणारी तीच. त्यामुळं तिचं तोंड कायम दुसरीकडं, मेंढरांकडं. म्हणूनच आठवत नसेल. मामाला म्हणलं, तीन सालात मला तिची आठवण फारशी आली नाही, कामच एवढं असतं. तो म्हणाला, हां, दिसायलंय की.

काय दिसायलंय ते विचारायचं राहिलं. एक खारूताई शिडीवर चढली आणि मी तिला बघत बसलो.

२२ मार्च

भाऊ आले. गाडीतून उतरले आणि उतरल्या जागीच थांबले. मला वाटलं आता पाठीवर हात ठेवणार.

"पेंटर, सोफ्यावर गुडघा उभा करून कोण बसतं?"

मी वर बघितलं. बाई एक गुडघा उभा करून बसली होती. खरं सांगतो, मला तोपर्यंत ते दिसलंच नव्हतं.

"आन् हातावर हे हिरवं काय? गोंदण? हितं प्लॉट घेणाऱ्या बायकांच्या हातावर गोंदण असतं का?" मग ते दहा पावलं मागं गेले. "आन् सगळे दाराकडं कामून बघायलेत? घरात चोर शिरलाय का?"

सर वर्तमानपत्राच्या वरून दाराकडं बघत होते. शालू दाराकडं. बाई तर उठायच्याच बेतात. ससासुद्धा दाराकडं. चौघांपैकी कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

आता हे कसं झालं ते मला कळलं, पण भाऊंना समजावता येईना. आमच्यात मेंढरांकडं पाठ करून कुणी बसत नाही. भाकर खातानासुद्धा सगळे एका ओळीत, तोंडं मेंढरांकडं. बाप-आई रात्रभर बोलतील, पण एकमेकांकडं न बघता. भांडण तसंच, हसणं तसंच. मला वाटलं सगळेच असे बसतात, फक्त घरात मेंढरांच्या जागी दार असतं. सरांच्या घरी मी तीन दिवस बसलो, जागा बघितल्या, पण नजरा कुठं असतात ते बघायचं राहून गेलं.

भाऊ चिडले नाहीत, हे सांगायला पाहिजे. म्हणाले, हात लय भारी आहे तुझा, फोटोच आहे, पण हे सुखी घर वाटत नाही, रानातला मुक्काम वाटतो. पाडव्याच्या आत नीट कर. नाहीतर परभणीहून छापील फ्लेक्स आणून वरून लावून टाकू, एका दिवसाचं काम.

माझ्या भिंतीवर फ्लेक्स. रात्री जेवलो नाही.

२५ मार्च

सरांची मान फिरवली. ते आता वर्तमानपत्र वाचतात. अर्ध्या तासाचं काम. शालूची नजर सशावर आणली, सशाची शालूवर. तेही सोपं.

बाई ऐकत नाही. तीनदा पाय खाली सोडला. पाय खाली आला की ती सोफ्यावरून घसरतेय असं वाटतं. तोंड सरांकडं वळवलं, तर परक्या घरात काही विचारायला आलेली दिसते. गोंदणावर अंगाचा रंग मारला आणि शिडीवरून खाली येऊन बघितलं, तर तो हात दुसऱ्याच कुणाचा झाला होता. रंग ओला होता तोवर पुसून काढला. गोंदणाचे ठिपके परत दिले, तुळस, तिच्याखाली पाच ठिपके, एक वाकडा. तो वाकडाच होता.

असं चारदा झालं. मी आळशी आहे, भटक्या आहे, पण हात माझं ऐकत नाही असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी प्रियांकाताई शालूला घेऊन आल्या. शालू सशाशी बोलायला लागली. ताई बाईसमोर उभ्या राहिल्या. मी आधीच सांगून टाकलं की ही तुमच्यासारखी आली नाही, माफ करा. त्या म्हणाल्या, "ही बसलीय तरी. दोन वर्षं झाली आमच्या सोफ्याला, मी एकदा बी अशी बसले न्हाई." मग गोंदणाकडं बोट करून विचारलं, हे कुणाचं बघून काढलं. मी म्हणलं, कुणाचंच नाही, मनानं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. डोळ्यात काही तरी गेलं असावं, पदरानं पुसलं.

तेवढ्यात भाऊ आले. कॉलनीच्या मागं त्यांचं चार एकर रान अजून शिल्लक आहे, हरभरा निघालाय, त्यात चार रात्री मेंढरं बसवायची आहेत. ताईंचे वडील जिंतूरकडचे म्हणून विचारत होते, कुणाला बोलवावं. ताई म्हणाल्या, मी वडलांना फोन करून सांगते, एक चांगलं बिऱ्हाड माहितीय. मी निळा घोटत होतो, त्यामुळं पुढचं ऐकलं नाही.

२८ मार्च

भाऊंनी आज निकाल लावला.

ते खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले, पाऊण तास. मोबाइल वाजला तर उचलला नाही. मग म्हणाले, कापूस वेचायच्या दिवसांत त्यांची आजी बांधावर अशीच बसायची. मला वाटलं जिंकलो. पण म्हणाले, "माझं सोड. भागीदार येणार, पाहुणे येणार. नाव असलं की माणूस चूक बघतो. नाव नसलं की नुसती भिंत बघतो. तिला नीट बसव आन् ठळक नाव टाक. न्हाईतर बाई राहू दे तशीच, पण नाव टाकू नको. फ्लेक्स लावत न्हाई, जा. पण दोन्ही मिळायचं न्हाई."

उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचं.

पंडित मामा म्हणतो, यात विचार कसला, पाय खाली सोड आणि नाव टाक, पुढच्या भिंतीवर वाट्टेल ते काढ. बरोबर आहे त्याचं. नाव लागलं की पुढच्या भिंती येतील. जिंतूर, सेलू, मानवत, सगळीकडं असल्या कॉलन्या निघायल्यात, सगळ्यांना सुखी घर लागणार. आणि तिकडं माळावर कुणी ना कुणी सांगेलच की येडबाच्या पोराचं नाव भिंतीवर आहे. डोळे जिथं ठेवायचे होते तिथं ठेवले, हे कळेल तरी.

उद्या पाय खाली.

२९ मार्च

सकाळी आधी कोपऱ्यात खडूनं नाव लिहिलं. शिवशंकर. दीड फुटात नेमकं बसलं. लांबून बघितलं, रस्त्यापलीकडून बघितलं, एसटी जाताना खिडकीतल्या एका बाईनं मान वळवून बघितलं. एवढं सुंदर नाव माझं आहे हे मला माहीत नव्हतं. अर्धा दिवस नुसता बघण्यात गेला.

मग साडीचा रंग कालवून शिडीवर चढलो. गुडघ्यावर ब्रश टेकवला.

किती वेळ टेकवून उभा होतो कुणास ठाऊक. रंग ब्रशावरच वाळला. तिला बसवायची म्हणजे तिला कळवायचं की आता कुणी येणार नाही, काही होणार नाही, टेक निवांत. आणि ती काही ऐकणार नाही. ती अशीच बसणार, एक गुडघा उभा, आणि बघणार. हे मला तिच्याबद्दल का ठाऊक आहे, ते मला सांगता येत नाही. पण ठाऊक आहे.

खाली उतरलो. ओल्या फडक्यानं खडू पुसला. पुसायला आठ हात लागले, मोजले. त्या दीड फुटात फरशी काढली. फरशीवर बाईच्या पायाची सावली पडते, ती दिली. ती फरशी अशी आली आहे की पंडित मामा जवळ येता येता चपला काढायला वाकला, आणि मग स्वतःलाच शिव्या घालत उठला.

परभणी जिल्ह्यात एवढी चांगली भिंत दुसरी नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. मी बघितलेल्या भिंती मोजून लिहितोय.

भाऊंना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, लय हट्टी निघालास पेंटर.

३० मार्च, पाडवा

सकाळपासून कमानीत माणसं. गुढी उभी केली, नारळ फोडला. मी गेलो नाही. मामाच्या खोलीत बसून ब्रश धुतोय. खिडकीतून अर्धी भिंत दिसते, तेवढी पुरे. लोक फ्रिज बघतात, शालूचा ससा बघतात, आणि बाईपाशी आले की बोलायचे थांबतात. तिच्यासमोर एका नवऱ्यानं बायकोला विचारलं, पाय दुखायलेत का तुझे, बस जरा. हे मी माझ्या कानानं ऐकलं. कुणी काढली ते कुणी विचारलं नाही. विचारणार नाहीत, भाऊ म्हणाले होते तसंच. दुपारच्या गाडीनं निघेन म्हणतो. नांदेडला गेलो तर तिथला पूल बघायचाय.

हॉर्न वाजायलेत. काय झालं बघतो.

आत्ताच पंडित मामा पळत आला. मागच्या रानात बसायला बोलावलेली मेंढरं उद्या यायची ती आजच आली, आणि मागच्या वाटेनं न जाता कमानीत शिरली. शे-दीडशे मेंढरं पाहुण्यांच्या गाड्यांभोवती. घोडा आणि बाईमाणूस अजून फाट्यापाशी मागं आहेत म्हणे. पुढं आलेला लाल फेट्याचा म्हातारा एकटाच आहे. मामानं त्याला हटकलं, भाऊंनी हाक मारली, पण तो जागचा हलत नाही. मेंढरं कुठं चाललीत तिकडं त्याचं ध्यान नाही. भिंतीसमोर काठी टेकवून उभा आहे, आणि जो येईल त्याला एकच विचारतोय,

"शिवाची माय हितं कुणी बसवली?"

मामा दारात धापा टाकत उभा आहे. मला म्हणतो, ह्यो शिवा कोण हाय रे, पेंटर?